परदेशी धनिकांच्या करसवलतीचा आर्थिक परिणाम कसा तपासावा : ब्रिटनच्या ‘नॉन-डोम’ व्यवस्थेच्या आधारे

६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनने ‘नॉन-डोम’ (नॉन-डोमिसाइल्ड, म्हणजे अधिवास दुसऱ्या देशात असलेले रहिवासी) या नावाने ओळखली जाणारी, अशा रहिवाशांच्या परदेशी उत्पन्नाला सवलत देणारी आणि सव्वादोनशे वर्षांची परंपरा असलेली करव्यवस्था बंद केली. या एकाच निर्णयाबद्दल परस्परविरोधी विधाने केली जातात. तिजोरीत अब्जावधी पौंडांची भर पडेल, असे एक बाजू सांगते. श्रीमंत माणसे देश सोडून निघाली आहेत आणि त्यांच्यामागोमाग कर, गुंतवणूक व रोजगारही जाणार, असे दुसरी बाजू सांगते. दोन्ही बाजूंकडे आकडे आहेत, आणि त्यांतले बरेचसे आकडे आपापल्या जागी खरेही आहेत. असा दावा वाचनात आला की तो कसा उलगडावा, कोणता आकडा कशाशी ताडून पाहावा आणि कोणत्या प्रश्नावर वेळ घालवू नये, हे अर्थशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार आणि परदेशी नोकरीमुळे या नियमांशी प्रत्यक्ष संबंध येणारे वाचक यांच्यासाठी येथे मांडले आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढील मांडणीचा रोख ध्यानात येईल. ‘किती माणसे गेली’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले तरी त्यातून फारसे काही कळत नाही. जे गेले ते आधी किती कर भरत होते आणि जे राहिले ते आता किती भरतात, या दोन रकमा कळल्याखेरीज अशा नियमाच्या परिणामाविषयी काहीही खात्रीने म्हणता येत नाही.

नियम मुळातून वाचावा

पहिले काम म्हणजे नियमाचा नेमका आशय समजून घेणे. ‘नॉन-डोम कर भरत नाहीत’ हे वाक्य वारंवार छापले गेले; ते चुकीचे आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, पण ज्याचे कायमचे घर कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्या देशात आहे, अशा व्यक्तीला ब्रिटनमधील पगार, नफा आणि भाडे यांवर इतरांप्रमाणेच पूर्ण कर भरावा लागत असे. सवलत होती ती परदेशी उत्पन्नाला आणि परदेशातील भांडवली नफ्याला. हा पैसा ब्रिटनमध्ये आणला तरच त्यावर कर लागे. जिनिव्हात किंवा सिंगापूरमध्येच ठेवला तर लागत नसे. १७९९ मध्ये विल्यम पिट यांनी प्राप्तिकर आणला तेव्हापासूनचे हे तत्त्व पुढे १९१४ पासून हळूहळू केवळ ‘अधिवास बाहेर असलेल्या’ रहिवाशांपुरते उरले.

नंतरच्या काळात या सवलतीला मोल लावले गेले. २००८ पासून, आधीच्या नऊ वर्षांपैकी सात वर्षे ब्रिटनमध्ये राहिलेल्याला ती चालू ठेवण्यासाठी वर्षाला ३०,००० पौंड भरावे लागू लागले. चौदा वर्षांपैकी बारा वर्षे राहिलेल्यांसाठी ही रक्कम पुढे ६०,००० पौंड झाली. २०१७ मध्ये वीस वर्षांपैकी पंधरा वर्षे राहिलेल्यांची सवलत संपवण्यात आली, मात्र त्यांनी आधीच परदेशी ट्रस्टमध्ये ठेवलेल्या संपत्तीला बरेचसे संरक्षण देण्यात आले. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे त्यावर बरेच काही अवलंबून आहे.

मार्च २०२४ मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ही व्यवस्था बंद करण्याची घोषणा केली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या रेचल रीव्ह्ज यांनी ती अधिक कडक केली. आता अधिवासाचा प्रश्नच उरलेला नाही. आधीची सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहून आलेल्या व्यक्तीला पहिली चार वर्षे परदेशी उत्पन्नावर कर नाही, आणि हा पैसा ब्रिटनमध्ये आणण्यासही आडकाठी नाही. पाचव्या वर्षापासून मात्र जगभरातील उत्पन्नावर कर लागतो. वीस वर्षांपैकी दहा वर्षे राहिलेल्या व्यक्तीची जगभरातील मालमत्ता ४० टक्के वारसाकराच्या कक्षेत येते, आणि देश सोडल्यावरही हा पाश तीन ते दहा वर्षे सुटत नाही. जुना साठवलेला परदेशी पैसा जाहीर करणाऱ्यांसाठी तीन वर्षांची खिडकी उघडली आहे : पहिली दोन वर्षे १२ टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के दराने कर भरून तो मोकळा करता येतो.

यावरून दिसते की हा एक बदल नसून चार बदल आहेत : प्राप्तिकराचा, ट्रस्टचा, वारसाकराचा आणि एकवेळच्या सवलतीचा. कोणी ‘नॉन-डोम रद्द केल्याचा परिणाम’ असे म्हटले की त्याला यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे आधी विचारावे.

आधीपासून येणारा कर आणि नव्याने येणारा कर

यानंतर दोन रकमा वेगळ्या कराव्यात. ब्रिटनच्या महसूल खात्याच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ या वर्षी सुमारे ७४,००० व्यक्तींनी आपण नॉन-डोम असल्याचे विवरणपत्रात नोंदवले, आणि प्राप्तिकर, भांडवली नफ्यावरील कर व राष्ट्रीय विमा (सामाजिक सुरक्षेसाठीची सक्तीची वर्गणी) मिळून त्यांनी सुमारे ८.९ अब्ज पौंड भरले. ही आधीपासून येणारी रक्कम झाली. माणसे गेली तर धोक्यात येते ती हीच. दुसरी रक्कम सवलत काढल्याने नव्याने मिळू शकणाऱ्या कराची. वॉरिक विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथील अरुण अडवानी, डेव्हिड बर्गर आणि अँडी समर्स या संशोधकांनी २०२२ मध्ये असा अंदाज मांडला की वर्षाला सुमारे १०.९ अब्ज पौंडांचे परदेशी उत्पन्न व नफा कराबाहेर राहतो, आणि सवलत रद्द केल्यास वर्षाला ३.२ अब्ज पौंडांहून अधिक महसूल मिळेल.

दावा करणारे बहुधा यांपैकी एकच रक्कम सांगतात. बदलाचे समर्थक दुसरी सांगतात आणि विरोधक पहिली. ८.९ अब्जांना ७४,००० ने भागले की दरडोई सुमारे १,२०,००० पौंड येतात, आणि मग ‘प्रत्येक नॉन-डोम गेला की देशाचे सव्वा लाख पौंड गेले’ असे वाक्य तयार होते. हे वाक्य गणिती दृष्ट्या निर्दोष असले तरी जवळजवळ निश्चितपणे फसवे आहे.

सरासरीवर विसंबू नये

हे का फसवे आहे, ते एका काल्पनिक उदाहरणाने नीट पाहू; असा हिशेब कागदावर स्वतः मांडून पाहिल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही.

समजा, शंभर परदेशी रहिवासी आहेत आणि ते मिळून वर्षाला १२० लाख पौंड कर भरतात. म्हणजे सरासरी वरच्याइतकीच, १.२ लाख. सवलत काढल्यावर त्यांच्याकडून आणखी ४० लाख मिळायचे आहेत. सगळे सारखेच असतील, तर प्रत्येक जाणारा आपल्यासोबत जुने १.२ लाख आणि नवे ४० हजार असे १.६ लाख घेऊन जाईल. ४० लाखांचा लाभ पुसला जाण्यासाठी पंचवीस जणांना देश सोडावा लागेल. चोवीस गेले तरी सरकार फायद्यात राहील. कोणत्याही अशा नियमासाठी हा समतोल बिंदू असा काढता येतो : नवा कर भागिले, जुना आणि नवा कर मिळून येणारी रक्कम.

परंतु माणसे सारखी नसतात. आता समजा, शंभरांपैकी नव्वद जण प्रत्येकी ५० हजार पौंड भरतात आणि उरलेले दहा प्रत्येकी साडेसात लाख. एकूण रक्कम तीच, १२० लाख. सवलत काढल्यावर नव्वद जणांकडून प्रत्येकी १० हजार आणि त्या दहांकडून प्रत्येकी ३.१ लाख मिळणार. एकूण पुन्हा तीच, ४० लाख. लहान करदात्यांपैकी दहा जण निघून गेले, तर जुन्या-नव्या करासकट सहा लाख जातात आणि तिजोरीत १५४ लाख येतात. आधीपेक्षा ३४ लाखांनी जास्त. त्याऐवजी मोठे दहा गेले, तर तिजोरीत ५४ लाखच उरतात, म्हणजे आधीच्या निम्म्यापेक्षाही कमी. वृत्तपत्रात मात्र दोन्ही वेळा ‘दहा टक्के गेले’ एवढेच छापून येईल. मोठ्यांपैकी तिघे गेले तरी सरकार आठ लाखांनी फायद्यात असते. चौथा गेला की अडीच लाखांच्या आसपास तोट्यात जाते.

म्हणूनच माणसांची गणती करणाऱ्या बातम्या, त्या कोणत्याही बाजूच्या असोत, मला फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत. प्रत्यक्षातही करभार असाच वरच्या टोकाला एकवटलेला आहे. वर उल्लेखलेल्या विद्यापीठांतील संशोधनानुसार २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ५० लाख पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्या दर दहा जणांपैकी सुमारे चौघांनी कधी ना कधी नॉन-डोम दर्जा घेतला होता. या वर्गात देशाबाहेर जाण्याची ऐपत सर्वांत जास्त असते, आणि त्यांच्या जाण्याने बसणारा फटकाही सर्वांत मोठा असतो. पण ऐपत आहे म्हणजे माणूस जाईलच असे नाही. त्यासाठी पूर्वानुभव पाहावा लागतो.

पूर्वानुभव कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे ओळखावे

दाखले भरपूर आहेत. अडचण अशी की प्रत्येक दाखला थोड्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि तो दुसऱ्याच प्रश्नासाठी पुढे केला जातो.

ब्रिटनमधील २०१७ चा बदल घ्या. त्यानंतर देश सोडणाऱ्यांच्या प्रमाणात झालेली वाढ अगदी किरकोळ होती, आणि जे गेले ते ब्रिटनमध्ये फारसा कर भरतच नव्हते, असे त्याच संशोधकांना आढळले. त्या आधारावर संपूर्ण सवलत रद्द केली तरी केवळ ०.३ टक्के लोक, म्हणजे शंभराहूनही कमी, देश सोडतील, असा त्यांचा अंदाज होता. सरकारपासून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने, म्हणजे ओबीआरने, जानेवारी २०२५ मध्ये मात्र वेगळेच गृहीत धरले : ट्रस्ट नसलेल्या नॉन-डोमांपैकी १२ टक्के आणि ट्रस्ट असलेल्यांपैकी २५ टक्के जातील. दोन अंदाजांत चाळीस पटींहून अधिक फरक आहे. यात कोणी लबाडी केली असे समजण्याचे कारण नाही. २०१७ मध्ये ट्रस्टमधील संपत्तीला संरक्षण होते, त्यामुळे सर्वांत श्रीमंतांना हलण्याची गरजच पडली नव्हती. २०२५ मध्ये ते संरक्षण गेले आणि वारसाकराची टांगती तलवार आली. सौम्य बदलाचा अनुभव कठोर बदलाला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि वारसाकराच्या भीतीचे मोजमाप करायला तर आधीचा अनुभवच नव्हता. विशेष म्हणजे एवढे स्थलांतर गृहीत धरूनही ओबीआरने पाच वर्षांत एकूण ३३.८ अब्ज पौंड मिळतील असा अंदाज दिला, आणि तो अत्यंत अनिश्चित असल्याचेही नोंदवले. हा अंदाज उद्धृत करताना ती अनिश्चितता बहुतेक जण गाळतात.

स्वित्झर्लंडमधील झुरिक कॅंटनचा (कॅंटन म्हणजे तेथील प्रांत) दाखला विरोधकांना प्रिय आहे. तेथे धनिक परदेशी रहिवाशांवर उत्पन्नाऐवजी राहणीमानाच्या खर्चावरून ठोक कर आकारला जाई. फेब्रुवारी २००९ मध्ये मतदारांनी तो रद्द केला, आणि या पद्धतीने कर भरणाऱ्या सुमारे दोनशे जणांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांनी कॅंटन सोडले. आकडा धक्कादायक आहे, पण त्यांच्यातील अनेकांना फक्त शेजारच्या कॅंटनमध्ये जायचे होते, जेथे ठोक कर चालूच होता. मुलांची शाळा, डॉक्टर, बँक यांतले काहीच बदलावे लागत नव्हते. शिवाय मागे राहिलेल्यांपैकी अनेकांनी पूर्वीपेक्षा जास्त कर भरल्यामुळे गेलेल्यांची तूट मोठ्या प्रमाणात भरून निघाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये हीच पद्धत देशभर रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी तो फेटाळला. लोकांनी झुरिकचा अनुभव कसा वाचला, हे त्यावरून दिसते. तो बरोबर वाचला की नाही, हा वेगळा प्रश्न.

डेन्मार्कने १९९१ मध्ये जास्त पगाराच्या परदेशी तज्ज्ञांना मर्यादित काळासाठी २५ ते ३० टक्के एवढाच एकसारखा दर लावला. हेन्रिक क्लेवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासानुसार, पात्रतेच्या पगारमर्यादेच्या किंचित खाली असलेल्यांच्या तुलनेत तिच्या वर असलेल्या परदेशी व्यक्तींची संख्या सुमारे दुप्पट झाली. हा परिणाम मोठा आहे. पण ही माणसे येण्याचा निर्णय घेत होती, जाण्याचा नव्हे, आणि त्यांचे उत्पन्न पगाराचे होते, गुंतवणुकीचे नव्हे. नवा माणूस कोपनहेगन, झुरिक की लंडन असा विचार करत असतो तेव्हा कराचा फरक निर्णायक ठरू शकतो. वीस वर्षे राहिलेल्याची मुळे खोल गेलेली असतात. त्यामुळे आगमन आणि गमन यांचे हिशेब एकत्र करू नयेत. ब्रिटनच्या नव्या व्यवस्थेत पहिल्या चार वर्षांची पूर्ण सूट ठेवण्यामागचे तर्कशास्त्रही हेच आहे. चार वर्षे पुरेशी आहेत का, यावर मात्र मतभेद होऊ शकतात; कंपनी उभारण्यासाठी येणाऱ्याला हा काळ तोकडा वाटणे स्वाभाविक आहे.

आकडा कोठून आला, हे विचारावे

२०२५ मध्ये ब्रिटनमधून निव्वळ १६,५०० लक्षाधीश बाहेर जातील, हा आकडा जगभर छापला गेला. तो हेन्ली अँड पार्टनर्स या कंपनीच्या अहवालातील होता. दुसऱ्या देशांचे निवासपरवाने आणि नागरिकत्व मिळवून देणे, हा या कंपनीचा व्यवसाय आहे. त्यामुळे आकडा खोटा ठरत नाही, पण वाचकाने सावध व्हायला हवे. याहून महत्त्वाचे असे की तो अंदाज होता, मोजणी नव्हती. दुसरे, त्यातले ‘लक्षाधीश’ म्हणजे दहा लाख डॉलरांहून अधिक गुंतवणूकयोग्य संपत्ती असलेले सर्व लोक. नॉन-डोम हा त्यांतील एक लहान गट. तिसरे, त्याच मोजपट्टीने ब्रिटनमधील अशा लोकांची संख्या सुमारे सहा लाख होती, म्हणजे १६,५०० हे प्रमाण तीन टक्क्यांपेक्षाही कमी भरते. मथळ्यातील पाच आकडी संख्येला छेद कोणता, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयात संचालकांनी बदललेल्या पत्त्यांवरूनही निष्कर्ष काढले जातात. दिशा कळण्यासाठी ते ठीक आहेत, पण पत्ता आणि करनिवास (कराच्या दृष्टीने माणूस कोणत्या देशाचा रहिवासी आहे ते) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये २०१३ पासून करनिवास ठरवण्याची वैधानिक कसोटी आहे. तीत राहिलेल्या दिवसांबरोबर घर, नोकरी आणि कुटुंब यांचे दुवेही मोजले जातात. कागदोपत्री दुबईवासी झालेला उद्योजक वर्षातील बरेच दिवस लंडनमध्ये काढू शकतो. अशा वेळी त्याचा प्राप्तिकर जातो, पण हॉटेल, उपाहारगृहे आणि दुकाने यांतील त्याचा खर्च व त्यावरील मूल्यवर्धित कर पूर्णपणे जात नाही. ‘गेला’ या क्रियापदाचे असे अनेक अंश असतात.

एकाच वेळी काय काय बदलले

लंडनमधील मेफेअर, नाइट्सब्रिज, केन्सिंग्टन या भागांत महागड्या घरांची बाजारपेठ मंदावली की दोष थेट नॉन-डोम निर्णयाला दिला जातो. तसे म्हणण्यापूर्वी त्या काळातील इतर निर्णय शेजारी मांडून पाहावेत. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी भांडवली नफ्यावरील कराचे मुख्य दर १० आणि २० टक्क्यांवरून १८ आणि २४ टक्के झाले. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या घरावरील अतिरिक्त मुद्रांक शुल्क ३ वरून ५ टक्क्यांवर गेले. परदेशी खरेदीदारांवर २०२१ पासून आणखी २ टक्के होतेच. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. ब्रेक्झिटचे परिणाम आणि चढे व्याजदर हे त्याआधीचे. श्रीमंत परदेशी कुटुंबाच्या निर्णयावर या सर्वांचा एकत्रित परिणाम होतो, आणि त्यांतून एका नियमाचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. ज्यांच्यावर नॉन-डोम बदलाचा परिणाम झाला नाही अशा, पण इतर बाबतींत सारख्या, श्रीमंत गटाशी तुलना केलेली असेल तर त्या अभ्यासाला जास्त वजन द्यावे. नसेल तर निष्कर्षाला ‘कदाचित’ जोडून वाचावे.

घोषणा आणि अंमलबजावणी यांत तेरा महिन्यांचे अंतर होते, हेही विसरू नये. एवढ्या अवधीत सल्लागार जागे असतात : उत्पन्न अलीकडच्या किंवा पलीकडच्या वर्षात सरकवले जाते, मालमत्ता आधीच विकल्या जातात, आणि ज्यांना निघायचे असते ते मुदत संपण्यापूर्वी निघतात. त्यामुळे बदलाच्या आधीचे आणि नंतरचे एकेक वर्ष तुलनेसाठी सर्वांत वाईट असते, आणि दुर्दैवाने सर्वाधिक चर्चा त्याच दोन वर्षांवर होते.

तिजोरीपलीकडे

महसुलाखेरीज तीन परिणाम तपासण्यासारखे आहेत, त्यांपैकी पहिल्याकडे फार कमी लक्ष गेले. जुन्या नियमात पैसा ब्रिटनमध्ये आणणे हीच करपात्र घटना होती. ज्या देशाला परदेशी भांडवल हवे होते, तोच देश भांडवल आत आणणाऱ्याला दंड करत होता. २०१२ मध्ये व्यवसायातील गुंतवणुकीसाठी आणलेल्या पैशाला सूट देऊन यावर तोड काढण्याचा प्रयत्न झाला, पण त्यासाठी अटींची मोठी जंत्री होती. नव्या चार वर्षांच्या सूटीत ही विसंगती नाही. त्यामुळे ‘गुंतवणूक घटेल’ असा दावा तपासताना आधीची सवलत गुंतवणुकीला मुळात अनुकूल होती का, हा उलट प्रश्नही विचारायला हवा.

दुसरा परिणाम घरांच्या किमतींचा. पोर्तुगालने २००९ मध्ये परदेशातून येणाऱ्यांना दहा वर्षांची सवलत दिली. पात्र व्यवसायांतील उत्पन्नावर २० टक्के कर, आणि परदेशी निवृत्तिवेतनावर तर २०२० पर्यंत कर जवळजवळ नाहीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान अंतोनियो कोस्ता यांनी ती नव्या अर्जदारांसाठी बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा त्यांनी करातील अन्यायाबरोबर घरबाजार फुगल्याचेही कारण दिले. लिस्बनमध्ये याच काळात पर्यटन, अल्पमुदतीची भाडी आणि गुंतवणुकीच्या बदल्यात निवासपरवाना देणारी योजनाही होती, म्हणून येथेही वाटा वेगळा करण्याची तीच अडचण आहे.

तिसरा परिणाम इतर देशांवरचा. पोर्तुगालमध्ये आपल्या निवृत्तांची वेतने करमुक्त होत आहेत हे पाहून फिनलंड आणि स्वीडन यांनी पोर्तुगालबरोबरचे करकरारच संपुष्टात आणले. इटलीने २०१७ पासून नव्या रहिवाशांना वर्षाला एक लाख युरो भरून सर्व परदेशी उत्पन्नाचा कर मिटवण्याची मुभा दिली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ही रक्कम नव्याने येणाऱ्यांसाठी दोन लाख केली. त्या वेळच्या ठरावीक रकमेचे गणित पाहा : ज्याचे परदेशी उत्पन्न दहा लाख युरो होते त्याला दोन लाख म्हणजे २० टक्के पडत, आणि ज्याचे एक कोटी युरो होते त्याला फक्त २ टक्के. म्हणजे वरच्या उदाहरणातील ‘मोठे दहा’ नेमके ओढून घेणारी ही रचना आहे. मिलानला त्याचा लाभ होतो, पण हा पैसा एका देशाच्या करकक्षेतून दुसऱ्याच्या कक्षेत गेलेला असतो. युरोपच्या पातळीवर नवीन काही निर्माण झाले असेच नाही.

भारतीय वाचकांसाठी दोन गोष्टी

एप्रिल २०२२ मध्ये, त्या वेळचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांच्या पत्नी अक्षता मूर्ती नॉन-डोम असल्याचे उघड झाले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या इन्फोसिसचे समभाग त्यांच्याकडे होते, आणि त्यांवरील लाभांश हे परदेशी उत्पन्न होते. त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. टीकेनंतर जगभरातील उत्पन्नावर ब्रिटनमध्ये कर भरण्याची घोषणा त्यांनी स्वतःहून केली. हा विषय भारतीय वाचकांपर्यंत पोहोचला तो बहुधा तेव्हाच.

भारतातून गेलेल्यांच्या बाबतीत वारसाकराचा हिशेबही वेगळा आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यातील १९५६ चा मृत्युकरविषयक करार अजून लागू आहे, जरी भारताने आपला मृत्युकर १९८५ मध्येच रद्द केला. मृत व्यक्तीचा अधिवास भारतात असेल, तर तिच्या ब्रिटनबाहेरील मालमत्तेवर कर लावण्याच्या ब्रिटनच्या अधिकाराला हा करार मर्यादा घालतो. त्यामुळे वारसाकराच्या धास्तीने देश सोडण्याचे कारण सर्व राष्ट्रीयत्वांच्या धनिकांना सारखेच लागू होत नाही. स्थलांतराचा अंदाज करताना गटाची अशी फोड क्वचितच केली जाते, आणि करायला हवी.

दुसरी गोष्ट नोकरदारांची. पुण्याहून किंवा नाशिकहून लंडनला बदलीवर गेलेल्या अभियंत्यालाही चार वर्षांची सूट मागता येते. परंतु ती मागितली की १२,५७० पौंडांची वैयक्तिक करमुक्त मर्यादा सोडावी लागते. ४० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला याची किंमत ५,०२८ पौंड पडते. त्याच्या भारतातील मुदतठेवींचे व्याज अडीच हजार पौंडांच्या आसपास असेल, तर सूट घेऊन हजारेक पौंड वाचवायला तो पाच हजार गमावील. १,२५,१४० पौंडांहून अधिक उत्पन्न असलेल्यांची ही मर्यादा मुळातच शून्य झालेली असते, म्हणून त्यांना काहीच सोडावे लागत नाही. कागदावर सर्वांसाठी असलेली सूट प्रत्यक्षात कोणासाठी आहे, हे अशा एका अटीवरून कळते. प्रत्यक्ष निर्णय घेताना मात्र दोन्ही देशांतील करकरार पाहणाऱ्या सल्लागाराकडूनच हिशेब करून घ्यावा.

आपल्याकडेही बरीच वर्षे परदेशी राहून परतलेल्या व्यक्तीला ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला’ हा दर्जा साधारण दोन-तीन वर्षे मिळतो, आणि त्या काळात तिच्या बहुतेक परदेशी उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. या सवलतीमुळे किती जण परतले, की ते तसेही परतणार होते, हा प्रश्न वरच्याच पद्धतीने मांडता येईल.

प्रत्यक्ष आकडे येतील तेव्हा

२०२५-२६ या पहिल्या वर्षाची विवरणपत्रे भरण्याची अंतिम तारीख ३१ जानेवारी २०२७ आहे. त्याआधी कोणी ‘निर्णय यशस्वी’ किंवा ‘निर्णय फसला’ असे ठामपणे सांगितले, तर त्यामागे पगारातून कापलेला कर, घरांचे व्यवहार किंवा पत्त्यांतील बदल असे अप्रत्यक्ष पुरावेच असणार. अधिकृत आकडे प्रसिद्ध झाल्यावर तीन रकमा शोधाव्यात : पूर्वीच्या नॉन-डोमांनी ब्रिटनमधील उत्पन्नावर भरलेला कर आधीपेक्षा किती घटला, राहिलेल्यांनी परदेशी उत्पन्नावर किती भरला, आणि नव्याने आलेल्या, चार वर्षांची सूट घेणाऱ्यांनी आपल्या ब्रिटनमधील उत्पन्नावर किती भरला. १२ व १५ टक्क्यांच्या खिडकीतून आलेली रक्कम यांतून वजा करावी, कारण ती मागील अनेक वर्षांची साठलेली वसुली आहे आणि पुन्हा येणार नाही. पहिल्या तीन वर्षांचा महसूल तिच्यामुळे फुगलेला दिसेल. ही खिडकी ५ एप्रिल २०२८ रोजी बंद होते. त्यामुळे तिची भेसळ नसलेले पहिले वर्ष २०२८-२९ असेल, आणि त्याची विवरणपत्रे ३१ जानेवारी २०३० पर्यंत येत राहतील.